नमस्काराचा रकाना

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या सहीने काही हजार लोकांना पत्र जातं, आणि ते आपल्या एकट्यालाच लिहिलंय असं त्यातल्या प्रत्येकाला वाटावं, ह्याचा मला पगार मिळतो. नाशिकच्या एका सहल कंपनीत मी हे ईमेलचं मासिक पत्र लिहिते. नवी सहल कुठे निघतेय, गाडी कुठून सुटणार, थंडीचे कपडे किती घ्यायचे, मागच्या खेपेला बसमध्ये कोणी गाणं म्हटलं आणि कोणाची चप्पल देवळाबाहेर राहिली, असल्या गोष्टी त्यात असतात. पत्र एकच. फक्त मधल्या काही जागा मी मोकळ्या ठेवते आणि तिथे दोन-दोन महिरपी कंसांत एकेक शब्द लिहिते. नाव. गाव. मागची सहल. ह्याला टॅग म्हणतात. पाठवायचं बटण दाबलं की कॉम्प्युटर प्रवाशांची यादी उघडतो, प्रत्येकाच्या पुढच्या रकान्यांत बघतो आणि ज्याच्या त्याच्या पत्रात ज्याचं त्याचं नाव-गाव भरून टाकतो. रकाना रिकामा असला तर काय छापायचं, तेही त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. यादीत सगळ्यात वर माझं स्वतःचं नाव आहे. पत्र जाण्याआधी नमुना म्हणून एक प्रत छापून मालकांच्या टेबलावर ठेवायची असते, ती नेहमी माझ्याच नावाची निघते.

सुरुवातीला मी ह्या कामात बरेच दिवे लावले. पहिल्याच महिन्यात टॅगमधलं एक अक्षर चुकलं आणि सगळ्या प्रवाशांना नावाऐवजी नुसते कंस गेले. सिन्नरच्या एका आजोबांनी उलट लिहिलं, "कंसमामांचं पत्र चुकून माझ्याकडे आलं आहे. मथुरेला पाठवावे." मालकांनी ते छापून माझ्या टेबलासमोर चिकटवलं, अजून आहे. मग गावांचा घोळ. नामपूर, नांदगाव ही गुणी गावं, पुढे 'हून' लावलं तरी तक्रार करत नाहीत. पण येवल्याच्या लोकांना "येवलाहून" असं पत्र गेलं आणि तिथल्या एका बाईंनी मला शाळेत परत जायचा सल्ला दिला. तेव्हापासून गावासाठी मी दोन रकाने ठेवले, एक नुसत्या नावाचा, एक 'हून' लावायच्या नावाचा.

हे मी हसत सांगते आहे, कारण पुढचं मला हसून सांगता येणार नाही.

आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. नांदगावला त्यांची सगळी नोकरी शिक्षक म्हणून झाली. आवाज असा की वर्गात पाढे सुरू झाले की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू यायचे, आणि गिरणीवाला म्हणायचा, गुरुजी, माझेही पाठ झाले. आम्ही बौद्ध. अण्णांच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द 'जय भीम' निघायचा आणि शेवटचाही तोच. दूधवाला राम राम म्हणो, पोस्टमन नमस्कार म्हणो, गॅरेजवाले चाचा सलाम म्हणोत, अण्णा प्रत्येकाला खणखणीत जय भीम घालणार आणि मग थांबून त्याच्या घरच्या सगळ्यांची विचारपूस करणार. गावाला सवय होती. काही जण तर त्यांना पाहिलं की त्यांच्या आधीच जय भीम म्हणून मोकळे व्हायचे. मलाही सवय होती. हा शब्द मोठ्याने म्हणायचा की हळू, असा प्रश्न मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पडलेला नव्हता.

तो नाशिकला पडला. मी शिकायला आले, खोली शोधत होते. आमचं आडनाव असं आहे की जिल्ह्यात ते सगळ्या जातींत सापडतं. घरमालकीणबाईंनी ते ऐकलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्यातलेच तुम्ही." मी काही बोलले नाही. खोलीला मोठी खिडकी होती आणि कॉलेज चालत दहा मिनिटांवर होतं. मी खोटं बोललेले नाही, नुसती गप्प बसले, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं समजावत होते.

दोन महिन्यांनी अण्णा भेटायला आले. हातात कापडी पिशवी, तिच्यात आईने केलेली शेंगदाण्याची चटणी आणि माझी विसरलेली शाल. मी त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. घराच्या जिन्यापाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, वर काकूंना नुसता नमस्कार म्हणा हं." अण्णा एका पायरीवर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि का म्हणून विचारलं नाही. वर गेले, नमस्कार म्हणाले, खुर्चीच्या टोकावर बसून चहा प्यायले. त्यांचा आवाज त्या दिवशी इतका खाली गेला होता की ते गेल्यावर काकूंनी मला विचारलं, वडिलांची तब्येत बरी नसते का. त्यानंतर अण्णा नाशिकला आले की मला एसटी स्टँडवरच बोलवायचे. "वर कशाला, परतीची गाडी चुकते," म्हणायचे. पिशवी द्यायचे, उसाचा रस पाजायचे आणि जायचे. मला ते सोयीचं होतं. लिहिताना लाज वाटते, पण सोयीचंच होतं.

रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "जय भीम, बाळा!" मी म्हणायचे, "हां अण्णा, बोला." शेजारी कोणी असो नसो, मी एवढंच म्हणायचे. जिभेला तसं वळणच पडलं. अण्णांनी त्याबद्दल एकदाही मला टोकलं नाही, आणि एकदाही जय भीम म्हणायचं सोडलं नाही.

ही नोकरी मला त्यांच्यामुळेच मिळाली. निवृत्त झाल्यावर ते आणि आई ह्याच कंपनीच्या गाडीने बोधगया, सारनाथ करून आले होते. महिनाभर त्याच्याच गोष्टी. मग एक दिवस त्यांनी सांगितलं, तिथे लिहिणारं माणूस हवंय असं गाडीतला मॅनेजर म्हणत होता, बघ अर्ज करून. मी अर्ज केला, निवड झाली. आपले आईवडील ह्याच कंपनीचे प्रवासी आहेत, हे मी ऑफिसात सांगितलं नाही. इथेही आडनाव ऐकून लोकांनी काय ते ठरवलं होतं आणि इथेही मी त्यांना ठरवू दिलं होतं.

आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. वय झालंय, आता सहलींवर जात नाहीत, पण पूर्वी बस निघताना ते स्वतः दाराशी उभे राहायचे आणि चढणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पद्धतीने नमस्कार करायचे. कोणाला राम कृष्ण हरी, कोणाला जय जिनेंद्र, कोणाला सलाम, कोणाला जय भीम. नावं विसरतील, पण कोण काय म्हणतो हे कधी विसरायचे नाहीत. मागच्या वर्षी एकदा माझ्या पत्राचा नमुना वाचताना ते म्हणाले, "हे सगळ्यांना एकच नमस्कार काय? मी बसच्या दारात असं करायचो का? तुझ्या त्या कंसांत हे बसणार नाही का?"

बसणार होतं. यादीत एक रकाना वाढवला की झालं.

"पण एक ऐक," भाऊ म्हणाले. "आडनावावरून अंदाज करायचे नाहीत. अजिबात नाहीत. माणसाने स्वतः लिहिलं असेल तेच घ्यायचं. नसेल लिहिलं तर नमस्कार." मला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्या माणसाच्या ऑफिसात मला भिण्याचं काही कारण नाही. कळलंही असेल. पण इतक्या वर्षांची भीती अशी एका वाक्याने जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी तिला घालवायचा प्रयत्नही केला नाही.

सहल संपली की आमचे प्रवासी अभिप्रायाचा फॉर्म भरून देतात. जुनी माणसं तो फॉर्म म्हणून भरतच नाहीत, पत्र म्हणून लिहितात. वर काहीतरी मायना, मग चार ओळी, खाली सही. असे फॉर्म कपाटात गठ्ठ्यांनी पडले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बुकिंग बघणारी एक मैत्रीण बसते. माझ्याच वयाची, बडबडी, रोज डब्यातली अर्धी भाजी मला वाढणारी. आम्ही दोघी ते गठ्ठे घेऊन बसलो. ती फॉर्मवरचा मायना वाचायची, मी रकान्यात भरायचे, आणि कंटाळा आला की अदलाबदल करायचो.

अदलाबदल झाली होती आणि मी वाचत होते तेव्हा तो फॉर्म आला. निळ्या शाईतलं अक्षर मला दुरूनच ओळखू आलं. 'सविनय जय भीम' असा मायना. खाली बोधगयेबद्दल लिहिलेलं. आणि कंपनीने छापलेल्या मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या त्या लाल पेनाने दुरुस्त केलेल्या, समासात गुण दिलेले, दहापैकी सात. मी तो फॉर्म वाचायच्या आधी गठ्ठ्याखाली सरकवायला गेले, तेवढ्यात मैत्रिणीने हातातून ओढला.

"अगं, हे बघ काय! मास्तर दिसतात. आपल्याला सात गुण दिलेत." ती पोट धरून हसली. मग नाव वाचलं. "तुझ्याच आडनावाचे की. नांदगाव. तुझं पण नांदगावच ना? कोणी लागतात का तुझे?"

मी म्हटलं, "नाही गं. ह्या आडनावाची तिथे गल्लीभर घरं आहेत."

तिने पुन्हा मायना पाहिला. "हो, बरोबर. हे तुमच्यातले नसणार," असं म्हणून तिने रकान्यात जय भीम भरलं, नावापुढे गुरुजी लावलं आणि मी पुढचा फॉर्म वाचायला घेतला. आवाज कापला नाही की काही नाही. पुढचा फॉर्म दिंडोरीच्या कोणा काकूंचा होता, एवढंही मला आठवतं.

अण्णांना हे मी अजून सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

पुढच्या सोमवारी पत्र गेलं. यादीतल्या सगळ्यांना ज्याचा त्याचा मायना, खाली माझं नाव. त्यात नांदगावच्या एका गुरुजींना गेलं, "जय भीम गुरुजी, नांदगावहून ह्या वर्षी थेट गाडी सोडायचा विचार आहे," आणि शेवटी, "आपली," आणि माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

संध्याकाळी फोन वाजला. सोमवार होता, अण्णांचा वार नव्हे, म्हणून मी घाबरूनच उचलला. "जय भीम, बाळा," ते म्हणाले. "वाचलं मी. तुझं पत्र. आईलाही वाचून दाखवलं."

मी म्हटलं, "बरं झालं."

"हे सगळ्यांना गेलं?"

"हो, सगळ्या प्रवाशांना."

"असंच? वर जय भीम आणि खाली तुझं नाव?"

इथे मी सांगायला हवं होतं. चार वाक्यांचं काम होतं. अण्णा, एक रकाना असतो, त्यात ज्याचं त्याचं लिहिलेलं असतं. पण त्यांच्या आवाजात जे काही होतं ते मी जिन्यापाशी त्यांना थांबवलं त्या दिवसापासून ऐकलं नव्हतं. ते मला परत मिळालं होतं आणि सोडवत नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

पुढचे काही दिवस मला बातम्या आईकडून कळल्या. अण्णांनी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते पत्र छापून घेतलं, वर प्लास्टिक चढवलं आणि वस्तीतल्या विहाराच्या फलकावर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, माझी मुलगी नाशकात एवढ्या मोठ्या कंपनीतून सगळ्यांना जय भीम घालते, खाली स्वतःचं नाव लिहून. आई म्हणाली, "लय खूश हायेत तुझे अण्णा. कालपास्नं दोनदा जाऊन कागद सरळ करून आले. म्हनत्यात, पोरगी माझी बिचकत व्हती, आता नाय बिचकत."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं, त्या जिन्यापासून, ते माझ्या बिचकण्याची काळजी करत होते. मी समजत होते की स्टँडवरच्या भेटी आणि रविवारचं 'हां अण्णा, बोला' त्यांच्या लक्षातच येत नाही.

मी त्या आठवड्यातही फोन करून खरं सांगू शकले असते. त्यानंतरच्या आठवड्यातही. रोज ठरवत होते. रोज वाटायचं, राहू दे, काही दिवस तरी त्यांना मिरवू दे. खरं तर त्यांच्यापेक्षा मीच मिरवत होते. जे मी केलंच नव्हतं त्याचं कौतुक घरबसल्या गोळा करत होते.

नांदगावच्या पेठेत एक कापडदुकान आहे. तिथले शेठजी जैन आहेत, अण्णांचे जुने स्नेही, आमच्या शाळेचे गणवेश त्यांच्याकडूनच यायचे. तेही आमच्या कंपनीबरोबर कुठेतरी जाऊन आले होते, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे यादीत होतं, पण यादीतल्या इतक्या ओळी कोण वाचतं. अण्णा एक दिवस त्यांच्याकडे गेले आणि पत्राची गोष्ट निघाली. शेठजींनी गल्ल्याशेजारचा मोबाईल उचलला, हसत हसत तेच पत्र उघडून दाखवलं. वर होतं, "जय जिनेंद्र शेठजी." खाली माझं नाव. शेठजी बिचारे कौतुकानेच म्हणाले, "आपापल्या माणसाला आपापला नमस्कार घालते गुरुजी तुमची मुलगी. फार हुशार."

"हो, हुशार आहे," अण्णा म्हणाले. शेठजींनी मागवलेला चहा प्यायले. परत येताना विहारापाशी थांबले, फलकावरचा कागद काढला, टाचण्या परत डबीत टाकल्या आणि घरी येऊन कागद कपाटात ठेवला. आईने विचारलं तर म्हणाले, बरेच दिवस झाले, दुसऱ्यांच्या सूचनांना जागा नको का.

हे मला नंतर कळलं. त्याआधी आला तो रविवारचा फोन.

"नमस्कार, बाळा," अण्णा म्हणाले.

मला वाटलं मस्करी करतायत. मी हसले. "हे काय नवीन, अण्णा?"

"काही नाही. म्हटलं, कोणी असेल तुझ्याजवळ." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. ते अगदी साधं बोलत होते, एखाद्याच्या घरी माणूस आजारी आहे कळल्यावर आपण दार हळू लोटतो तसं. मग त्यांनी इथली हवा विचारली, माझा खोकला विचारला आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारीही नमस्कार. त्याच्या पुढच्याही.

मी रजा टाकून नांदगावला गेले. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता आईने सगळं सांगितलं, शेठजींच्या दुकानापासून टाचण्यांच्या डबीपर्यंत. शेवटी म्हणाली, "मला काय त्या कंप्यूटरमधलं कळत नाय. पन ते गप गप हायेत. तू बोल."

दुपारी अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "अण्णा, त्या पत्राचं मला सांगायचंय."

"सांग की."

मी सांगितलं. टॅग कसा असतो, यादी कशी असते, रकाने कसे भरतात. अण्णा हाडाचे मास्तर. नवीन काही कळतंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला, खिशातलं पेन काढलं आणि पेपरच्या कोऱ्या कडेला महिरपी कंस काढून पाहिले. कंस सुरेख आले.

"असे?"

"असेच. दोन-दोन."

"म्हणजे लिहिणाऱ्याने आतलं काही लिहायचंच नाही."

"नाही. ते यादीतून येतं."

"शेठजींचं त्यांच्या फॉर्मवरून, माझं माझ्या फॉर्मवरून."

"हो."

"आणि ज्याच्यापुढे काहीच भरलेलं नसेल?"

"त्याला नमस्कार जातो."

त्यांनी मान डोलावली. पेनाचं टोपण लावलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुझं नाव आहे का त्या यादीत?"

"आहे. सगळ्यात वर."

"तुझ्यापुढे काय भरलंय?"

समोरच्या रस्त्याने एक छोटा हत्ती टेम्पो कांद्याच्या गोण्या घेऊन गेला, तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. अण्णांनी घाई केली नाही. वर्गातही उत्तर न येणाऱ्या मुलाला ते असाच वेळ द्यायचे.

"रिकामं आहे," मी म्हटलं.

"हं," अण्णा म्हणाले. "सोय चांगली केलीय."

मला रडू आलं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही मला नमस्कार म्हणू नका हो."

"अगं, त्यात काय एवढं. नमस्कार काय वाईट शब्द आहे? तुला तिथे राहायचंय, चार माणसांत काम करायचंय. मलाच आधी कळायला हवं होतं. मी आपला दर रविवारी फोनवर ओरडतोय, ओरडतोय. शेजारच्याला ऐकू जात असेल, ह्याचा विचारच केला नाही मी." आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माफी मी मागायला आले होते, आणि मागत ते होते.

नाशिकला परत आल्यावर पहिलं काम मी तेच केलं. यादी उघडली आणि सगळ्यात वरच्या ओळीत, माझ्या नावापुढे, जय भीम भरलं. दोन शब्द. माझ्या बोटांना ते इतक्या वेळा टाईप करून पाठ झाले होते, सगळे दुसऱ्यांसाठी. महिनाअखेरीला नमुन्याची प्रत छापली. वर होतं, "जय भीम," आणि पुढे माझं नाव. ती मैत्रिणीच्या टेबलावरून भाऊंकडे जाते. भाऊंनी वाचली, एक स्वल्पविराम वाढवला, म्हणाले, "सोड," आणि मला परत दिली. जाता जाता नेहमीच्याच आवाजात "जय भीम, ताई" म्हणाले. तेवढ्यासाठी मी अठराव्या वर्षापासून घाबरत आले होते की काय, असं क्षणभर वाटलं.

मैत्रीण मात्र तो कागद बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, "ते सात गुण देणारे गुरुजी माझे वडील आहेत." ती म्हणाली, "अगं, मग सांगायचं ना तेव्हाच," आणि कोणाचा तरी फोन घेतला. त्यानंतर आठवडाभर तिच्या डब्यात भाजी थोडीच असायची. मग परत वाढायला लागली. खरंच थोडी असेल. माझ्या मनाचे खेळ असतील, किंवा नसतीलही. मी विचारलं नाही.

नमुना छापला त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे जागेवर असताना, मी टेबलावरूनच अण्णांना फोन लावला. मुद्दाम बाहेर गेले नाही. इतक्या वर्षांत मी आपणहून कधीच आधी म्हटलेलं नव्हतं, पण म्हटलं मोठ्याने. चार टेबलं ऐकतील इतक्या मोठ्याने.

"जय भीम, अण्णा!"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. पुन्हा कानाला लावला तेव्हा अण्णा बोलत होते. गिरणीपर्यंत पाढे पोचवणारा माणूस, पण मला दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकावं लागलं.

"हळू बोल, बाळा," ते म्हणत होते. "ऑफिसात आहेस ना?"